काकूंच्या बाजेवरून

जालन्यात आमच्या गल्लीतल्या मोबाइल टॉवरवर, कावळ्याच्या जुन्या घरट्यात, ससाण्याची तीन पिल्लं वाढत होती. खाली गच्चीत बाजेवर वाळणाऱ्या कुरडयांवर कबुतरांची पिसं पडायची. शेजारच्या काकू रोज माझ्यावर खेकसायच्या, "घरटं पाडून टाक जल्दी!" मीही भांडखोर. त्यांच्या कुरडयांवर जुनी साडी पांघरली, पण घरट्याला हात लावू दिला नाही.

दोन पिल्लं उडाली. तिसरं धडपडत थेट काकूंच्या बाजेवर, त्या साडीवरच आदळलं. मी धावले, तर काकूंनीच माझा दंड धरला. "हलू नको. दम खाऊ दे त्याला."

पिल्लानं पंख पसरले आणि ते टॉवरच्याही वर गेलं. कुरडयांचा पार चुरा झाला होता. काकू टाळ्या पिटत गल्लीभर ओरडल्या, "माझ्या बाजेवरून उडालं, माझ्या!"