बसूचे तीन थर

आमच्या प्राणिशास्त्राच्या वर्गातली चार टाळकी कुठं जमली की बसूचा विषय निघतोच. किस्से इतके साठलेत की आधी कुठला सांगायचा यावरूनच भांडण!

लातूर नुकतंच जुन्या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. वर्गात आम्ही शिकत होतो, गर्भात पेशींचे तीन थर असतात. बाहेरचा एक्टोडर्म, मधला मेसोडर्म, आतला एंडोडर्म. कुठला अवयव कुठल्या थरातून होतो, यातच निलंग्याचा बसवराज, म्हणजे आमचा बसू, तोंडी परीक्षेत एकदा आपटला होता. वडिलांनी बजावलं, "आता नापास झालास तर दुकानात बस. तूर मोजायला थर लागत न्हाईत!" बसूला मास्तर व्हायचं होतं. आम्हाला त्याची खरंच काळजी वाटायची.

*

वर्गातल्या रफीकनं त्याला युक्ती दिली. "मेसो म्हंजे मेस! मेसात ताटात येतंय ते याद ठेव. नळी म्हंजे हाड, मटन म्हंजे स्नायू, गुर्दा म्हंजे मूत्रपिंड!"

दुसऱ्या दिवशी प्राणिशास्त्राच्या बिराजदार सरांनी विचारलं, "मेसोडर्मपासून काय होतं?"

बसू जेवायचा लिंगायत बोर्डिंगात, तिथं सगळं शाकाहारी. ठणठणीत आवाजात म्हणाला, "भाकर, वरण आन् शेंगाची चटणी!"

*

मग बसूनं नवा जिल्हाच कामाला लावला. मेसोडर्म म्हणजे मधलं लातूर. "हाडं, स्नायू, रक्त, हृदय, समदं हितं आलंय सर!"

"आणि मेंदू?"

"त्यो बाहेरच्या थरात. अजून जुन्या जिल्ह्यातच हाय सर, फायली यायच्यात!"

उत्तर बरोबर होतं, त्यामुळं सरांना रागावताही येईना.

*

सुट्टीत शेतातली विहीर खोल करताना बसूला खरी युक्ती सापडली. पुढच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक उमरीकडचे, मिशाळ. बिराजदार सर शेजारी, आम्ही दाराशी कान लावून.

बसू सुरू झाला, "विहिरीगत हाय सर. वर काळी माती. कातडी, केस, मेंदू. मधी मुरूम. हाडं, रक्त, हृदय."

"आणि तळाला एंडोडर्म. त्यातून काय होतं?"

आमचा जीव टांगणीला. बसू रडवेला होऊन म्हणाला, "खाली हाय सर. पण औंदा पाणी लागलं न्हाई!"

बिराजदार सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी चष्मा काढला. "किती परस खोल खोदली विहीर?"

"सहा, सर."

"अजून एक खोद."

बसूनं डोळे मिटले. "आतड्याचं अस्तर... फुफ्फुसाचं अस्तर... यकृत!"

परीक्षक खुर्चीतून उठलेच. "लागलं की रे पाणी!"