चिनी मातीची सिस्टर

आईची सगळी नोकरी केज तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत गेली. ती नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे, अंबाजोगाईला राहायला आली. युसूफ वडगाव या तिथल्याच गावची एक मुलगी आईच्याच हातून जन्मली होती. पुढे तीही नर्स होऊन इंग्लंडला गेली आणि तिथून तिनं आईला एक बाहुली पाठवली. चिनी मातीची, वीतभर उंच, पांढरी टोपी, लांब काळा झगा आणि हातात दिवा. युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या, नर्सिंगला मान मिळवून देणाऱ्या ज्या बाईबद्दल आईनं शिकताना पुस्तकात वाचलं होतं, तिचीच ही बाहुली. अशा मोजक्याच बनवल्या होत्या. मानेमागं नंबर होता, सोबत प्रमाणपत्रही. आईनं ती टीव्हीशेजारी ठेवली. धूळ पुसायची तर तिनंच, मला हात लावू द्यायची नाही.

मग आईला विसर पडू लागला. आधी भाजीत मीठ, मग गल्ली, मग माझं नाव. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, थांबवता येणार नाही. त्या दिवसांत ती बाहुलीला नवीन सिस्टर समजायला लागली. तिला कामं सांगायची, इंजेक्शनच्या सुया उकळल्यास का म्हणून विचारायची. उत्तर आलं नाही की चिडायची.

"ही पोरगी बोलत कावून न्हाई?" तिनं एकदा मला विचारलं.

मी म्हणाले, नवीन आहे, बुजते. दुसरं काय सांगणार?

एका दुपारी मी शाळेत शिकवून घरी आले तर आई फरशीवर बसलेली. बाहुलीचे तुकडे झाले होते आणि आईच्या तळहातातून रक्त वाहत होतं. तिनं बहुतेक ते तुकडे गोळा करायचा प्रयत्न केला होता. मला रक्त बघवत नाही, लहानपणापासून. जखमा बांधायच्या त्या आईनं. मी कापूस आणला, पण किती दाबायचं, कुठं बांधायचं, काही सुचेना. मी तिलाच विचारलं, "आई, सांग ना, काय करू?"

ती आपल्या हाताकडं, तो परक्याचा असल्यासारखं, बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सिस्टरला बोलवा."

शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. चार टाके पडले. पट्टी बांधणारी नर्स विशीतली असेल. आई तिच्याकडं टक लावून बघत होती. मी सांगितलं की ह्यासुद्धा नर्स होत्या, तेव्हा ती मुलगी आईला "मॅडम" म्हणाली. आईला ते कळलं की नाही, कोण जाणे.

तुकडे मी चिकटवून बघितले. चेहरा जुळला, खालचं काही जुळेना. शेवटी सगळं कापडात बांधून कपाटात ठेवलं. टाकवत नाही.

हाताची जखम भरून आली, पण आई रोज टीव्हीशेजारच्या मोकळ्या जागेपाशी उभी राहते आणि ती पोरगी कुठं गेली म्हणून विचारते. मी सांगते, रजेवर गेली.

"रजा कुणी दिली? वार्डात मानूस न्हाई," ती म्हणते आणि साडीचा पदर खोचून तिथंच उभी राहते. मी खुर्ची आणून देते. ती बसत नाही.