नावाड्यासाठी प्रार्थना

दिवसभर कवळ्या बनवणारी बाई बोलणारे डोंगर, राक्षस आणि काळ्या नद्या यांच्यावर जाडजूड कादंबऱ्या लिहिते, हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास हसतो. थोरलीला त्याचं काही वाटत नाही. घरात सगळे तिला थोरली म्हणत, मग चर्चमधली मंडळीही म्हणू लागली, आणि आता पन्नाशी उलटली तरी तेच चिकटून राहिलंय. लॅबमध्ये तिच्या टेबलावर मेण, बारीक सुरी, चिमटा आणि कुणाच्या ना कुणाच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे मांडलेले असतात. माणूस न बघता त्याचा जबडा बघायचा आणि तो हसत कसा असेल ते ठरवायचं, हे तिचं काम. पहिलं पुस्तक आलं तेव्हा एका वाचकाने तिला तोंडावर सांगितलं होतं, "बाकी सगळं ठीक आहे, पण तुमच्या राक्षसांचे दात फारच सुबक आहेत." तिने ते कौतुक म्हणून घेतलं.

तिचं लिहिणं पहाटेचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाचा कप शेजारी ठेवून, कामावर जायच्या आत जेवढं होईल तेवढं. बसण्याआधी डोळे मिटून आज कुठे अडलंय ते ती प्रभूला सांगते. "मागत नाही, नुसतं कानावर घालते," असं तिचं म्हणणं. संध्याकाळी जेवणं झाली की लिहिलेलं आईला वाचून दाखवायचं. आईची नजर अधू झालीय, पण कान भलतेच तिखट. एखादं वाक्य थोरलीने अंगचोरपणे लिहिलेलं असलं की आई नुसतं "हं" म्हणते. त्या "हं"ला थोरली जेवढी घाबरते तेवढी कुठल्या समीक्षकाला घाबरत नाही.

सध्या तिसरा आणि शेवटचा भाग चालू होता. त्यात एक नावाडी आहे. काळी नदी चढत चाललीय आणि हा माणूस घरंच्या घरं ऐलतीरावरून पैलतीरावर नेतोय. सगळे पार होतात. तेवढ्यात मागच्या काठावरून त्याला कुणाची तरी हाक ऐकू येते, आणि तो एकटाच नाव घेऊन अंधारात परत फिरतो. इथपर्यंत वाचून थोरली थांबली होती. पुढचं प्रकरण लिहून तयार होतं, पण ते आईला वाचून दाखवायचा तिला धीर होत नव्हता. रोज नवी सबब. आज घसा बसलाय, आज डोकं धरलंय, आज शिफ्टने जीव काढला. आईही कधी नाही ती गप्प बसायची, "बरं, उद्या" म्हणायची. ही गोष्ट थोरलीला जरा विचित्र वाटायला हवी होती, पण पळवाट काढणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे कुठे बघतो!

दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत प्रार्थनासभा असते. थोरलीची त्या दिवशी उशिराची ड्यूटी, म्हणून आई ऑर्गनवाल्या काकूंबरोबर जाते. एका गुरुवारी पाळकसाहेबांनी थोरलीलाच आग्रहाने बोलावलं. प्रार्थना झाली की तुमच्या लिखाणाबद्दल गप्पा मारू, म्हणाले. मंडळींनी तुमची पुस्तकं वाचलीत, निदान निम्म्यांनी तरी. थोरलीने ड्यूटी बदलून घेतली, इस्त्रीचे कपडे घातले आणि आईचा हात धरून गेली.

खोली लहानशी. प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं, कोपऱ्यात विजेची किटली, बशीत बिस्किटं, आणि कधीच पुरती न लागणारी एक खिडकी. या मंडळींचा एक अलिखित नियम होता. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याच्याबद्दल खोदून विचारायचं नाही. कोण आहे, काय संकट आहे, एवढं सांगितलं की पुरे. बाकीचं प्रभूला ठाऊक असतं. चोंबडेपणाला आळा बसावा म्हणून आधीच्या पाळकांनी हे वळण लावलं होतं, आणि एरवी ते फार चांगलं वळण होतं.

कुणाचा गुडघा झाला, कुणाच्या नातीची परीक्षा झाली. मग ऑर्गनवाल्या काकू आईकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तो नावाडी? काही खबर?"

"अजून नाही," आई शांतपणे म्हणाली. "पाण्यातच आहे."

"अरेरे," खोली हळहळली. रिटायर होऊन मंडळीत नव्याने आलेले पोस्टमनकाका काळजीने पुढे वाकले आणि नियम विसरले. "पण शोध तरी चालू आहे ना?"

आईने थोरलीच्या दिशेने मान वळवली. "ते हिच्याकडे आहे."

सगळ्यांच्या नजरा थोरलीवर. "तुम्ही बचाव पथकात आहात होय?" पोस्टमनकाकांनी आदराने विचारलं.

"नाही, मी कवळ्या करते," थोरली म्हणाली, आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडचं पाणीच पळालं. तिने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते, जणू प्रार्थना अजून चालूच होती.

"गेले कितीतरी गुरुवार आपण त्याच्यासाठी मागतोय," पाळकसाहेब म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तो माझ्या पुस्तकातला आहे," थोरली कशीबशी म्हणाली. "खरा नाही."

 मग पोस्टमनकाकांना हसू फुटलं आणि त्यांच्यामागून खोलीभर पसरलं. ऑर्गनवाल्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. "मी उपास केला हो त्याच्यासाठी!" त्या म्हणाल्या. "आणि मला उपास सोसत नाही."

"प्रार्थना काही वाया जात नाही, काकू," पाळकसाहेबांनी समजूत घातली. "दुसऱ्या कुठल्या तरी नावाड्याला लागू पडली असेल."

अशी गप्पांना सुरुवात झाली. हे सगळं सुचतं कुठून, असं कुणी तरी विचारलं. आता थोरलीला काहीतरी भारदस्त सांगता आलं असतं, पण तिला ते जमत नाही. "लहानपणी रविवारच्या शाळेत भिंतीवर एक चित्र होतं," ती म्हणाली. "समुद्र दुभंगलाय आणि मधून माणसं चाललीत. सगळी पोरं माणसांकडे बघायची. मी पाण्याच्या त्या भिंतींकडे बघायचे. आत मासे असतील, ते थांबून खाली बघत असतील, त्यांना काय वाटत असेल? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, धड्यात जेवढं आहे तेवढंच विचार. मग उरलेलं मी आजवर लिहितेय."

"पण तुमच्या पुस्तकात प्रभू कुठे भेटत नाही," एक बाई म्हणाल्या.

"मी मुद्दाम आणून उभा करायला गेले ना, की त्याचा पुतळा होतो. म्हणून मी माणसं कशी वागतात तेवढं लिहिते आणि त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवते."

"आणि जादूगारणी कशाला हव्यात त्या?" काकूंनी उपासाचा राग काढला.

"जादूने कुणाचं भलं झालेलं एक पान दाखवा, काकू. तुम्हाला कवळी फुकट करून देते."

"मीच शोधतो ते पान, मला कवळी लागणारच आहे," पोस्टमनकाका म्हणाले, आणि पुन्हा हशा. मग ते म्हणाले, "पण मग आता सोपंच झालं की! नावाडी तुमचा, नदी तुमची. काढा त्याला बाहेर. आमचीही प्रार्थना फळाला आली असं होईल."

"हो हो, वाचवा," सगळीकडून आवाज आले. आईने डोळे उघडले होते.

"नाही वाचवता येत," थोरली म्हणाली. "तो परत फिरला, तेव्हा त्याला नदी माहीत होती. आता तो कपडे पिळून चहा प्यायला बसला, तर पहिल्या दोन भागांत जे जे बुडाले त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?"

"आपल्या प्रभूने तर मेलेल्यांना उठवलं," काकू म्हणाल्या.

"त्याने उठवलं, काकू. मी उठवलं तर ती थाप असेल, आणि थाप आहे हे मला कळत असेल. ते माझं काम नाही."

काकूंना ते पटलं असावं, कारण त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली. आईने मात्र हातातला चहा तसाच खाली ठेवला.

दोघी घरी आल्या. स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर थोरलीला राहवलं नाही. "आई, त्या बिचाऱ्यांना तू खोटं सांगत होतीस?"

"खोटं काय त्यात? नावाडी पाण्यात आहे, घरी परतलेला नाही, हेच सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही." आई खुर्चीत बसली आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिली. "तो आपला धाकटा आहे ना गं?"

थोरलीला वाटलं होतं, आपण ताकास तूर लागू दिलेली नाही. नावाड्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, हे वाक्य वाचून दाखवताना तिने चक्क गाळलं होतं. "तुला कशावरून वाटलं?" तिने विचारलं.

"दिसेल त्या बाईला राणीसाहेब कोण म्हणायचं? 'चला राणीसाहेब, पाय आत घ्या.' हे तू लिहिणार, मला वाचून दाखवणार, आणि मला कळायचं नाही? मी आई आहे त्याची."

धाकटा बस चालवायचा. शेवटची फेरी संपवून, सगळी माणसं उतरवून, रिकामी बस डेपोत न्यायला निघाला आणि वाटेत समोरून ट्रक आला. घरी फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि दोघींपैकी कुणी ते विसरलेलंही नाही.

"पुढचं वाच," आई म्हणाली. "घसा बसलाय म्हणू नकोस."

थोरलीने लॅपटॉप उघडला. वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. नावाडी मागच्या काठाला पोचला, तिथे कुणीही नव्हतं. आणि सकाळी नाव रिकामीच वाहत आली.

"एवढंच?"

"एवढंच."

"हं," आई म्हणाली. तिचा हात टेबलाच्या कडेवर थांबला. "त्या दिवशीही एवढंच होतं. फोन आला आणि संपलं. बाकीच्या बाया आपल्या आजारी माणसासाठी महिनोन्महिने मागत बसतात. मला एक मिनिट मिळालं नाही गं. गुडघे टेकायचे तरी कशासाठी? तुझा नावाडी पाण्यात शिरला आणि तू आज वाचते, उद्या वाचते करत बसलीस. मी म्हटलं, अजून झालेलं नाही. अजून मागता येतंय, तर मागून घेऊ."

 पुस्तक, तीन भागांची मेहनत, मघाशी झाडलेलं तत्त्वज्ञान, सगळं थोरलीला त्या क्षणी फुकट वाटलं. "मी त्याला वाचवते, आई. खड्ड्यात गेलं पुस्तक."

"काही नको." आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "तू तिथे बरोबर बोललीस. वाचवलंस तरी मला खरं काय ते माहीत आहेच की. पण तिथे कुणीच नव्हतं, असं कशाला लिहितेस? तुला काय माहीत? त्याला हाक ऐकू आली ना? मग हाक मारणारं कुणी तरी असणारच."

 हे भोक थोरलीला लिहितानाच दिसलं होतं आणि तिने ते कवितेसारखं काहीतरी लिहून बुजवलं होतं. कामावर असा साचा तिने केव्हाच मोडून टाकला असता.

"कोण असेल?" तिने विचारलं.

"असेल एखादी म्हातारी. पाय चालत नाहीत म्हणून मागे राहिलेली."

पहाटे थोरली टेबलाशी बसली तेव्हा आई शाल पांघरून समोर येऊन बसली. एरवी ती इतक्या लवकर उठत नाही. थोरलीने म्हातारीला काठावर बसवलं, नावाड्याने तिला "चला राणीसाहेब, पाय आत घ्या" म्हणून नावेत घेतलं. मधल्या धारेत वाहून येणारा ओंडका त्याच्या छातीवर बसला. नाव आपली आपण काठाकडे सरकत राहिली आणि म्हातारीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इथे थोरलीचे हात थांबले.

"आता ती काय बोलेल?"

आईला विचार करावा लागला नाही. "जेवलास का, विचारेल."

थोरलीने लिहिलं. थंडी वाजते का, हे लिहिलं. शाल दिली, तेही. लहानपणी तू पोहायला घाबरायचास, हे लिहिलं. ते खरंच होतं. आई सांगत गेली, मध्येच थांबत गेली, एकदा जरा हसलीसुद्धा. म्हातारीने त्याच्यासाठी प्रार्थना केली, ती आईने डोळे मिटून म्हटली आणि थोरलीने शब्द न बदलता उतरवली. उजाडलं, कामाची वेळ टळून गेली, लॅबमध्ये फोन करायचा राहिला. प्रकरण लांबतच चाललं होतं आणि ते आवरायला थोरली काही सांगणार नव्हती.

शेवटी आईच म्हणाली, "आता जाऊ दे त्याला."

पुढच्या गुरुवारी थोरलीने पुन्हा ड्यूटी बदलून घेतली. मागच्या खोलीत गुडघे, परीक्षा, कुणाचं तरी ऑपरेशन, सगळं नेहमीप्रमाणे झालं. मग आई खुर्चीचा हात धरून उठून उभी राहिली.

"नावाडी गेला," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. पोस्टमनकाकांनी मान खाली घातली. ऑर्गनवाल्या काकूंनी आईचा हात हातात घेतला आणि, नियम बाजूला ठेवून, विचारलं, "फार हाल झाले का हो त्याचे?"

"नाही," आई म्हणाली. "मी जवळ होते."