अंगठ्याची जोडरेघ

अनुसया टेंभरे आमच्या गल्लीत चित्रकलेचा वर्ग घेते. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करणारी मुलं तिच्याकडे येतात आणि पहिल्या दिवशी त्यांना पेन्सिल मिळत नाही. आधी वही करायची. कागद दुमडायचे, घड्या एकात एक बसवायच्या, दाभणाने भोकं पाडून शिवायच्या, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. आपल्या हातच्या कोऱ्या पानाची भीती वाटत नाही, असं तिचं म्हणणं. मग त्या वहीत सराव सुरू होतात. कागदाकडे न बघता समोरच्याचा चेहरा काढा. खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली रिकामी जागा काढा. घरातून गेलेली एखादी वस्तू जिथे असायची, ती जागा काढा.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टरांनी शिवण, प्रार्थना आणि रोज रोजनिशी लिहिण्याची शिस्त शिकवली. रिकाम्या जागेकडे बघायला कुणी शिकवलं नाही. म्हणून तिचा वर्ग चालू असला की मी कोपऱ्यात जाऊन बसते. माझ्या रोजनिशीची वहीही दरवर्षी तीच बांधून देते.

ती मूळची खैरलांजीकडची, धानाची शेती असलेल्या घरातली. लग्न होऊन बालाघाटला आली. नवरा मोतीलाल राइस मिलमध्ये फिटर होता. तिचं चित्रकलेचं शिक्षण सगळं लग्नानंतरचं. तिच्या परीक्षा असल्या की भात तो रांधायचा. बोलणं कमी. मिलच्या पट्ट्यात सापडून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं, ते पुढे दुभंगूनच वाढलं. कामावरून आला की तो वर्गाचे कागद दुमडायला बसायचा. घडीवरून नख दाबत न्यायचा, आणि त्या चिरेमुळे त्याच्या प्रत्येक घडीवर एकाऐवजी दोन बारीक रेघा उमटायच्या, अगदी शेजारी शेजारी. मुलं त्या जोडरेघेला ‘काका की पटरी’ म्हणत, काकांचे रूळ. तो हसून पुढचा कागद घ्यायचा.

गेल्या पावसाळ्यात छातीत कळ येऊन मोतीलाल गेला.

आमच्या भागात रीत आहे. देह ठेवला होता त्या जागी दिवा लावतात, परातीत तांदळाचं पीठ सपाट पसरतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जी खूण दिसेल, त्यावरून जीव कोणत्या जन्माला गेला ते ठरतं. माझ्या यजमानांच्या वेळी मला चिमणीचा पाय दिसला होता. सगळे चिमणी म्हणाले म्हणून दिसला की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

मोतीलालच्या पिठात काहीच नव्हतं. टोपली उचलली तेव्हा मी तिथे होते. मुंगीचासुद्धा माग नव्हता. अनुसया भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिने पाहिलंच नाही. तिचे मोठे दीर टिकाराम परातीवर वाकून बराच वेळ बघत राहिले.

“कुठीच गेला नाही हा,” ते म्हणाले.

पीठ वैनगंगेत सोडायला सांगून ते गावी गेले. अनुसया हौ म्हणाली, आणि तिने ते सोडलं नाही. डब्यात भरून फडताळात मागे ठेवलं. जो गेलाच नाही त्याला नदीत कसं सोडायचं, असं तिच्या मनात आलं. हे तिने मला फार उशिरा सांगितलं.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला. कागद नवा, नागपूरहून मागवलेला. दुमडणारा नव्हता म्हणून मुलांनीच दुमडला, चमच्याच्या दांड्याने दाबून. नेहमीसारखी तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला. त्याच खळीने माझीही वही झाली.

वर्गात अंजू नावाची मुलगी आहे, परसवाड्याहून बसने येते. एका दुपारी तिने आपली वही उघडून अनुसयापुढे धरली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, काका की पटरी.”

घडीच्या आत, जिथवर खळ पाझरली होती तिथवर, दोन रेघा होत्या. अनुसया म्हणाली, चमच्याची कड लागली असेल. मग वीरेंद्रने आपली वही उघडली. मग बाकीच्यांनी.

त्या दिवशी मी वर्गात नव्हते; अनुसया माझ्या घरी आली. मी माझी रोजनिशी आणली. त्या वहीत मी रोज लिहीत होते, पण घडीत कधी पाहिलं नव्हतं. चष्मा लावून पाहिलं. रेघ ओढलेली नव्हती, दाबलेली होती. मी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. खळ वाळताना कागद आकसला असेल, असं मी म्हटलं. तिने मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. घरी जाऊन तिने फडताळ उघडलं.

तो डबा रिकामा होता, घासून पालथा घातलेला. दिवाळीला तिची नणंद ललिता आली होती. पिठाचे दोन अर्धे डबे कशाला म्हणून तिने एकाचं पीठ दुसऱ्यात ओतलं होतं. खळ त्याच पिठाची होती, आणि ते सगळं पीठ खळीतच संपलं होतं.

टिकारामांनी फोनवर सांगितलं, सगळ्या वह्या नदीत सोड. पण मुलांच्या मुलाखती पुढच्या आठवड्यात होत्या. दिवाळीपासूनचं सगळं काम त्या वह्यांमध्ये होतं आणि तेच दाखवायचं होतं. दुसरी अडचण तिने फक्त मला सांगितली.

“काकू, इतक्या दिवसांत त्यांची एवढीच खूण भेटली. तेही मीच बुडवू?” मग ती म्हणाली, “पन मी त्यांले खळीत चिटकवून ठेवलं. जाऊ कुठं देऊन राह्यली?”

एक दिवस तिने वर्ग बंद ठेवला. मग सगळ्यांना वह्या घेऊन बोलावलं आणि नवा सराव दिला: बांधलेली वही उसवायची. पुठ्ठा काढा, दोरा कापा, पानांचा क्रम सोडू नका. पाठीची कड कोमट पाण्याने ओली करून बोथट सुरीने खळ टबात खरवडा. चित्राला पाणी लागू देऊ नका. पानं फळीखाली दाबून वाळवा, पुन्हा दुमडा आणि फक्त दोऱ्याने शिवा. खळीचा थेंब नको, शिवण बाहेर दिसली तरी चालेल.

वीरेंद्र कुरकुरला, “मॅडम, इंटरव्यू सर पे है.” अंजूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो दोरा कापायला लागला. कारण कुणी विचारलं नाही. टबातलं पाणी पांढरट होत गेलं, आणि पानं वाळली तेव्हा त्यांवर रेघा नव्हत्या. ओला कागद दाबून वाळवला की घडी सपाट होते, त्यात नवल नाही. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

शेवटी माझी वही उरली.

“राहू द्या काकू, तुमचं लिहिलेलं हाये,” ती म्हणाली. तिला ती ठेवायची होती, हे मला दिसत होतं. मी वही तिच्या हातात दिली. तिने मधली घडी उघडली, आपला अंगठा त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत एकदा नेला, आणि सुरी उचलली.

टबातलं पाणी बादलीत भरून आम्ही ऑटोने वैनगंगेवर गेलो. भर दुपार होती, घाटावर बायका कपडे धूत होत्या. तिने बादली ओतली, विसळली, परत ओतली.

घरी येऊन तिने नव्या तांदळाचं पीठ परातीत पसरलं, मोतीलालला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला, टोपली घेतली. ही रीत दुसऱ्यांदा करत नसतात, असं मी म्हटलं.

“तेव्हा सगळ्यांनी पाह्यलं,” ती म्हणाली. “मी पाह्यलंच नव्हतं.”

सकाळी तिने मला बोलावलं. टोपली तिने स्वतः उचलली. पीठ सपाट होतं, आणि त्यात मधोमधून दोन बारीक रेघा निघाल्या होत्या, अगदी शेजारी शेजारी. दाराच्या बाजूच्या काठापर्यंत त्या सरळ गेल्या होत्या. काठाखाली, टोपलीच्या बाहेर, फरशीवर थोडं पीठ सांडलं होतं. मी उंदराचा माग शोधला, मुंग्यांची रांग शोधली. दिवा अजून जळत होता.

अनुसया उंबरठ्यापर्यंत नजर नेऊन थांबली.

“गेले,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मले वाटलं होतं मी रडीन. भूक लागली, काकू.”

तिने चहा ठेवला. रात्रीच्या पोळ्या होत्या, त्या आम्ही दोघींनी चहात बुडवून खाल्ल्या. परातीला कुणी हात लावला नाही. दार उघडंच होतं.