झटक्याची धास्ती

पोलिसांना पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचं मनगट असं धरलं, की गोळी सुटताना बसणाऱ्या झटक्याची कळ थेट कोपरापर्यंत जाई. वार्षिक परीक्षेत दहापैकी सात गोळ्या निशाण्यावर लागायला हव्या होत्या. त्यांच्या चारच लागल्या. आता एकच संधी उरली होती. तीही हुकली की मैदान सुटणार आणि ऑफिसात बसून फायली सारायच्या.

महिनाभर त्यांनी मनगटाला पट्टी बांधली, भरलेली बाटली हात लांब करून धरून ठेवली. नवरा म्हणाला, "अगं, हात आहे की लोखंड? पुरे कर आता." पण त्या ऐकेनात.

परीक्षा घ्यायला त्यांचाच जुना विद्यार्थी आला. परीक्षेआधीच्या सरावात त्याने गुपचूप एक नकली, न उडणारं काडतूस भरलं. बाईंनी श्वास रोखून चाप ओढला. ना आवाज झाला, ना झटका बसला. तरी पिस्तुलाची नळी चांगली वीतभर खाली गेली.

"बाई, मनगट दुखतंय हे खरं," तो नजर चुकवत म्हणाला, "पण हात झटक्याच्या आधीच खाली जातोय. तुम्ही घाबरताय."

हेच त्यांनी शेकडो पोरांना सुनावलं होतं.

"पुन्हा भर, खरं की नकली ते सांगू नकोस," त्या म्हणाल्या. त्याने भरलं. हात पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

परीक्षेत तीनच गोळ्या लागल्या. पिस्तूल रिकामं करून त्यांनी त्याच्या हाती दिलं.

"मनगट गेलं असं लिही," त्या हळूच म्हणाल्या. "घाबरली म्हणून नको लिहूस रे."