आर्डिस क्वामी यांचे तोंडी मत

मॅडिसन या आमच्या राज्याच्या राजधानीत चौतीस वर्षे वकिली करूनही आर्डिस क्वामी न्यायालयाची पायरी क्वचितच चढल्या असतील. काय करू नये हे आधीच सांगणे, हीच त्यांची वकिली. पहिली सोळा वर्षे त्या लोकप्रतिनिधींच्या वर्तनावर नजर ठेवणाऱ्या राज्य नीतिमंडळात होत्या, पुढे लॉबिस्टांच्या, म्हणजे आमदारांकडे धंद्यांची बाजू मांडणाऱ्यांच्या, सल्लागार झाल्या. लॉबिस्टाने आमदाराला कॉफीचा पेलाही पाजू नये, असा आमच्याकडचा निर्बंध आहे. त्यामुळे त्यांचा दूरध्वनी दिवसभर खणखणे.

"बाई, आमदार माझ्या गाडीतून आले तर चालेल?"

"पेट्रोलचे पैसे कोण देणार ते सांग, मग बोलू."

अंतिम उत्तर मात्र त्या नेहमी लिहूनच देत. कागदावर नसलेले मत हे मतच नव्हे, असे त्या नवशिक्यांना बजावत. हे व्रत त्यांच्याकडून एकदाच मोडले.

त्या फेब्रुवारीत राज्याच्या वरिष्ठ सभागृहातले आमदार, सेनेटर रोलंड पेट्स्का यांच्या पत्नीचे निधन झाले. दोन घरे सोडून लाइल ब्रांटनर पत्नी डोरीनसह राहत असे. तो दूध उत्पादकांचा लॉबिस्ट आणि बाईंचा जुना अशील. शोकाकुल घरी शेजाऱ्यांनी शिजवलेले अन्न पोचवावे, हा इकडचा धर्मच. लाइलने बाईंना फोन केला.

"आर्डिस, डोरीननं बटाटे-खिम्याचं भांडं भाजून ठेवलंय. नेऊ का?"

"अरे, माणूस गेलंय त्यांच्या घरातलं. ने, आणि मला असले प्रश्न विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर त्यांनी टिपण लिहिले नाही.

महिन्याभराने पेट्स्कांनी रीतीप्रमाणे गावच्या साप्ताहिकात आभारपत्र छापले. अन्न आणणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यात होते, ब्रांटनर दांपत्याचेही. त्याच आठवड्यात त्यांनी दूध उत्पादकांना हव्या असलेल्या विधेयकाच्या बाजूने मत दिले होते. विरोधकांनी आभारपत्राचे कात्रण जोडून नीतिमंडळाकडे तक्रार केली. लाइलचा परवाना, म्हणजे त्याचे बावीस वर्षांचे जगणेच पणाला लागले. वकिलाच्या सल्ल्यावर विसंबून वागलेल्याला सूट मिळते. पण सल्ला दिल्याचा पुरावा कुठे होता?

"तुझं नाव मी घेणार नाही," लाइल म्हणाला. "लोकांना वाटेल, आपली कातडी वाचवायला बाईला पुढं केलं."

सुनावणीच्या आदल्या दुपारी बाईंचे भागीदार ग्लेन हॅमस्टॅड त्यांच्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतले.

"एक ओळ लिही, आर्डिस. तारीख फेब्रुवारीची टाक. तू सल्ला दिलास ना? मग खोटं काय आहे त्यात?"

"तारीख."

"अगं, लाइल वाचेल, तूही वाचशील, ही कचेरीही वाचेल!"

बाईंनी कोरा कागद समोर ओढला. लेखणी उचलली.  मग काहीही न लिहिता बाईंनी लेखणीला टोपण लावले आणि कागद खणात सारला.

दुसऱ्या दिवशी नीतिमंडळाच्या सुनावणीत अध्यक्षस्थानी तेरेसा व्होइचिक होत्या. बाईंच्याच हाताखाली त्या हे शास्त्र शिकल्या होत्या. लाइल मान खाली घालून बसला होता. त्याला प्रश्न विचारण्याआधीच बाई उठल्या.

"यांनी मला विचारलं होतं. ने, असं मीच सांगितलं."

"लेखी?"

"नाही."

तेरेसांनी हातातला कागद खाली ठेवला. "क्वामीबाई, लेखणी हातात घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला श्वाससुद्धा घेऊ देत नव्हता. मग हे लिहिलं का नाहीत?"

 विसरले, असे म्हणणे किती सोपे होते.

"लिहायला बसले असते तर 'नेऊ नकोस' असंच लिहावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. "ते मला लिहायचं नव्हतं. म्हणून मी तोंडानं बोलले."

निर्णय तासाभरात आला. बाईंनी स्वतःविरुद्ध दिलेला जबाब मंडळाने सल्ल्याचा पुरावा मानला. लाइलला समज देण्यात आली, त्याचा परवाना राहिला. बाईंना जाहीर ताकीद मिळाली. बाहेर येताच लाइलने त्यांचा हात धरला.

"विसरले म्हणाली असतीस, तर तूही सुटली असतीस गं."

"मग उद्या तू मला काही विचारलं असतंस, तर माझ्या उत्तराची किंमत काय राहिली असती?"

उन्हाळा सरेपर्यंत बाईंचे निम्मे अशील निघून गेले. उरलेल्यांचे प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा अवघड होऊ लागले. आणि ते विचारताना लोक आता काही लपवीत नसत.