कॅसेटीवरची चिकटपट्टी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. देवळात नाही, बायको जात होती तेव्हा तिच्या उशाशीही नाही. परक्याला सांगणं सोपं, म्हणून परक्याला सांगतोय असं समजून लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिताना चुकेल — चुकू दे.

आधी भीती कसली ते सांगतो. डिसेंबर लागला की माझ्या घरात नाताळची इंग्रजी गाणी वाजतात. सावर्ड्याजवळचं खेडं, मी आंब्याच्या पेट्या ठोकणारा. आम्ही काही किरिस्ताव नाही. तरी वाजतात. आणि कॅसेटीची दुसरी बाजू संपत आली की मी हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन उभा राहतो.

संतोष आमचा एकुलता मुलगा. अठ्ठ्याण्णव साली बोटीवर लागला, इंजिनखोलीत. तिथे रेडिओवर म्हणे नाताळात यादी लागते — कुठलं गाणं यंदा पयलं, कुठलं दुसरं. तो ती गाणी भरून पाठवायचा. मधेमधे स्वतः बोलायचा, "आई, हे तिसरं आलंय. आता ऐक हां, हे एक नंबरचं." कुणी सुट्टीवर येणारा चिपळूण स्टेशनावर माझ्या हातात पुडकं द्यायचा. म्हणजे आमच्या हिचा नाताळ जानेवारीत.

तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण गाण्यांना तिनं नावं ठेवली होती. 'घंटांचं', 'बर्फाचं', 'ती बाई रडत म्हणते ते'. तांदूळ निवडताना गुणगुणायची. मी म्हणायचो, "काय गो, मडमीण झालीस?" ती म्हणायची, "तुमच्या हातोडीपेक्षा बरं वाजतं." आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी संतोष फक्त तिच्याशी बोलायचा. दोन मिनिटं. ती दोन मिनिटं ती पदर तोंडाला लावून ऐकायची.

तिसऱ्या वर्षीची कॅसेट मी आधी ऐकली. पेट्यांच्या कारखान्यातल्या टेपवर, जेवणाच्या सुट्टीत, एकटा. का ऐकली? गाणी आवडायची मलाही — हेही कधी कबूल केलं नाही.

शेवटी संतोष म्हणाला — शब्द न् शब्द पाठ आहे मला — "आई, माझ्या कानात सारखं घूं वाजतं. डाव्यानं नीट ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतो इंजिन सोड. मला भीती वाटते गो. अण्णांना आत्ता सांगू नको. शेजारच्यांच्या फोनवर सगळे ऐकत असतात, तुला बोलता येणार नाही. मी फक्त विचारीन, कॅसेट ऐकलीस का. तू नुसतं 'ये' म्हण. 'ये' म्हणाली नाहीस तर मी समजेन, राहायचं."

तिनं हे ऐकलं असतं तर? फोनची वाटसुद्धा पाहिली नसती, लगेच 'ये' म्हणून कळवलं असतं.

आणि मी? मी गावभर सांगून बसलो होतो, माझा मुलगा बोटीवर आहे. लग्नात मला पुढे बसवायला लागले होते. मी स्वतः एकदा मुंबईहून परत आलो होतो, आईनं बोलावलं म्हणून. मग जन्मभर लोकांनी 'परत आलेला' म्हणूनच ओळखलं. हे कारण आहे, सबब नाही. मला माझा मान हवा होता. मुलाच्या कानापेक्षा.

कॅसेटीच्या कडेला दोन बारीक पाती असतात. ती मोडली की कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नाही. संतोष पाती मोडूनच पाठवायचा, चुकून पुसू नये म्हणून. पण पातं मोडून पडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली की भरता येतं. एवढी अक्कल मला होती.

ही बहिणीकडे चिपळूणला गेली होती. भर दुपारी, दार लावून, मी संतोषनंच आणलेल्या दोन कॅसेटींच्या टेपवर मागच्या वर्षीचं एक नंबरचं गाणं त्याच्या बोलण्यावर भरलं. माझ्या मुलाचा आवाज मी गाण्यानं बुजवला. चार मिनिटं लागली.

संध्याकाळी परतल्यावर तिनं ऐकली. शेवटचं गाणं लागल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे तर गेल्या सालचं." मी चहा पीत होतो. पीतच राहिलो. मग टेप थांबला. "माझ्याशी काहीच बोलला नाही हो यंदा," म्हणाली. मी म्हटलं, "कामात असेल."

चार दिवसांनी फोन आला. शेजारच्यांच्या पडवीत सात-आठ माणसं, फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येणारा. तो विचारतोय, "आई, कॅसेट ऐकलीस?" ही म्हणाली, "ऐकली." "शेवटपर्यंत?" "हो. छान आहेत गाणी." एरवी पहिला प्रश्न तिचा — कधी येतोस? त्या दिवशी तिनं विचारला नाही. रुसली होती. मी बाजूला उभा होतो, फोन घेऊ शकत होतो. नाही घेतला. मग तो म्हणाला, "बरं आई."

आणखी पाच वर्षं राहिला त्या इंजिनात, सुट्टीवर घरीसुद्धा आला नाही. पुढे कॅसेटीवर बोलेनासा झाला, मग कॅसेटीच बंद झाल्या. परत आला तेव्हा दोन्ही कान गेले होते. ही त्याच्याशी खाणाखुणांनी बोलायची आणि चुलीपाशी जाऊन रडायची. त्या कॅसेटीचं त्यानं तिला कधी विचारलं नाही. दीड वर्षात गेली.

तिचं दिवसकार्य झालं त्या दिवशी संतोषनं मला विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं विचारलं, "अण्णा, त्या साली कॅसेट ऐकून आई काय म्हणाली होती?"

मी सांगू शकलो असतो. त्याच्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं — राहा म्हणाली.

मेलेल्या बाईच्या नावावर. ती नाही म्हणायला येणार होती का?

त्यानं पाटी वाचली. मान हलवली. म्हणाला, "तिनं विचार करूनच सांगितलं असेल."

आता डिसेंबर आला की तो आईच्या कॅसेटी काढतो. ऐकू येत नाही, म्हणून टेपवर तळवा ठेवून बसतो. ठोका हाताला कळतो म्हणतो. त्या तिसऱ्या कॅसेटीत, मी भरायला सुरुवात केली तिथे, एक खट् आहे. मग गाणं मधूनच उठतं. दरवर्षी मी त्याच्या हाताकडे बघतो. आणि ती चिकटपट्टी — ती मी कधी काढलीच नाही, काढायला हात धजत नाही. पाती त्यानं स्वतः मोडली होती. एक दिवस कॅसेट टेपात घालताना त्याचा अंगठा त्या पट्टीवर थांबेल.

दोन वेळा थांबल्यासारखा वाटला. त्यानं काही विचारलं नाही. ते विचारण्याहून भयंकर आहे.

त्याला ऐकू येत नाही. वाचता येतं. म्हणून हे लिहिलं.

तो आत बसलाय. तिसरीच कॅसेट आहे, दुसरी बाजू. 'बर्फाचं' संपलं. आता खट् येईल. हे कागद मी उशीखाली ठेवणार होतो. नाही ठेवत. टेपाशेजारी ठेवतो, त्याच्या दुसऱ्या हाताजवळ.